कॉन्ट्राची कॅसेट : किंमत, मोल आणि नक्कल



अंजूरमध्ये इतिहासावर बोलायचे म्हटले की विषय जवळजवळ ठरलेला असतो. गंगाजी नाईक, १७३७ ची साष्टीची मोहीम, वसईचा वेढा. नाईकांचा वाडा आणि सिद्धिविनायक डोळ्यांसमोर असताना दुसरे काय सुचणार? तो विषय आम्ही टाळत नाही, वाटेत त्याच्याकडे जाणारच आहोत. पण आज समोर ठेवायची वस्तू वेगळी आहे. तळहातात मावणारी, प्लास्टिकची, खाली पितळी रंगाच्या पट्ट्यांची एक रांग असलेली. आज चाळिशीत असलेल्यांनी ती ओळखली असेल. व्हिडिओ गेमची कॅसेट, आणि खेळ ‘कॉन्ट्रा’.

काही जण हसले, ते ठीक आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या वयात टीव्ही गेमवर बोलावे, हे जरा विचित्र वाटणारच. पण हल्ली व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो : “सर, आमच्या माळ्यावर जुनी कॉन्ट्राची कॅसेट आहे. तिचे किती येतील?” प्रश्न साधा दिसतो. पण त्यात किंमत म्हणजे काय, अस्सल म्हणजे काय आणि इतिहासाचे साधन कशाला म्हणायचे, असे तीन जुने प्रश्न लपलेले आहेत. म्हणून हा विषय आम्ही गंभीरपणे घेतला.

आधी ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगू. कोनामी या जपानी कंपनीने ‘कॉन्ट्रा’ १९८७ साली पार्लरमधल्या नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रासाठी काढला. १९८८ च्या फेब्रुवारीत त्याची घरगुती आवृत्ती आली. दोन सैनिक जंगलातून धावत सुटतात, समोरून गोळ्या येतात, उड्या मारायच्या, झोपायचे, गोळीबार करत पुढे जायचे. एकूण आठ टप्पे. तिसऱ्यात धबधबा चढायचा असतो. हवेतून उडत येणाऱ्या डबीत ‘एस’ हे अक्षर मिळाले की बंदुकीतून पंख्यासारख्या गोळ्या सुटतात, आणि ती ‘एस गन’ आधी कोणी घ्यायची यावरून भावाभावांत मारामारी होते. या खेळाची खरी खुबी तीच होती. दोघे एकाच वेळी, एकाच पडद्यावर खेळू शकत. एक मागे राहिला की दुसरा अडकायचा. एकट्याने पुढे पळून चालत नसे.

खेळ अवघड होता. एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि जीव तीनच. म्हणून तो गुप्त संकेत प्रसिद्ध झाला : वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. हा दाबला की तीस जीव. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या प्रोग्रॅमरने तो १९८६ च्या ‘ग्रॅडियस’ या खेळासाठी बनवला होता, कारण तपासणी करताना त्याला स्वतःलाच तो खेळ फार जड जात होता. पुढे तो ‘कॉन्ट्रा’त आला आणि जगभर पसरला.

आता आपल्याकडे हा खेळ आला कसा ते पाहू, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आले. त्याच्या कॅसेटला साठ पिना. दोन वर्षांनी तेच यंत्र नवा साज चढवून अमेरिकेत गेले तेव्हा कंपनीने कॅसेटच्या पिना बहात्तर केल्या आणि आत एक कुलूप बसवले. कुलूप म्हणजे एक छोटी चिप. कॅसेटमधली चिप आणि यंत्रातली चिप यांची ओळख पटली तरच खेळ चालू. जपानी यंत्राला मात्र हे कुलूप नव्हतेच. त्यामुळे नक्कल झाली ती जपानी यंत्राची. पूर्व आशियातल्या कारखान्यांतून अशी यंत्रे निघाली आणि नव्वदच्या दशकात आपल्या बाजारांत पोहोचली. खोक्यांवर नावे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर. तिथून ती गावोगाव गेली. म्हणजे तुमच्याआमच्या घरात जो ‘कॉन्ट्रा’ आला तो साठ पिनांचा. बहुतेक घरांत यंत्र नक्कल आणि कॅसेटही नक्कल. मूळ जपानी यंत्र असलेले घर विरळाच.

त्या कॅसेटी आठवतात ना? लेबलवर ‘६४ इन १’, कधी ‘९९९९ इन १’. चालू करून यादी पाहिली की पहिले पाचपन्नास खेळ खरे, पुढे तेच ते नाव बदलून. पण त्या फसवाफसवीतही एक गंमत होती. एकाच यादीत ‘कॉन्ट्रा’ दोन-तीनदा यायचा. एका ओळीवर तीस जीव आधीच दिलेले, दुसरीवर थेट पुढच्या टप्प्यापासून सुरुवात. संकेत माहीत असण्याची गरजच संपली! कोणीतरी, कुठल्या तरी कारखान्यात बसून, मूळ खेळात हात घालून हे केले होते. त्याचे नाव आपल्याला कधीही कळणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येऊ.

आता बाजाराकडे येऊ. जुने खेळ जमवणाऱ्यांचा एक जागतिक बाजार आहे आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. एकाच खेळाच्या तीन अवस्था धरतात : नुसती कॅसेट, खोके आणि माहितीपुस्तिकेसह पूर्ण संच, आणि कारखान्याचे वेष्टण न फाडलेली कोरी प्रत. किंमत या क्रमाने चढते. वर दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या आहेत. त्या प्रत तपासतात, दहापैकी गुण देतात, वेष्टणाला वेगळी श्रेणी देतात आणि पारदर्शक पेटीत कायमची बंद करतात. २०२० च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक बंद प्रत १ लाख १४ हजार डॉलरना गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच खेळाची दुसरी प्रत ६ लाख ६० हजारांना. जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ने साडेपंधरा लाख डॉलर ओलांडले. ऑगस्टमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या आणखी एका प्रतीचे २० लाख डॉलर झाले, म्हणजे तेव्हाच्या दराने पंधरा कोटींच्या आसपास रुपये. इतक्या थोड्या काळात इतकी चढ झाली की कोणाच्याही मनात शंका यावी, आणि ती आलीही. २०२२ मध्ये दर्जा ठरवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल झाला. त्याच्या तपशिलात आज आपण जात नाही.

आपल्याला एवढेच पाहायचे आहे की हा बाजार नेमके काय विकत घेतो. अंजूर, काल्हेर, दापोडे, पूर्णा या पट्ट्यात गोदामात काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथे गोदामे वाढली, आणि गोदामाची एक नजर असते. सील शाबूत आहे? कोपरा दबलेला नाही ना? खोके उघडले की माल ‘ओपन बॉक्स’ झाला, भाव पडला. आत काय आहे, ते कोणाच्या उपयोगी पडले का, हा गोदामाचा प्रश्न नाही आणि नसावाही. लिलावाची नजर हीच आहे. त्या बाजारात सर्वांत महाग प्रत कोणती? जी कोणीही, कधीही खेळली नाही. खेळण्यासाठी बनवलेली वस्तू न खेळण्यामुळे मौल्यवान झाली.

आता तुमच्या माळ्यावरच्या कॅसेटकडे येऊ. ती ओळखायची कशी? पिना मोजा. साठ असतील तर ती जपानी घाटाची, म्हणजे अस्सल जपानी असेल किंवा नक्कल. लेबलची छपाई पाहा : अक्षरे कडेला कापली आहेत का, चित्र भलत्याच सिनेमाचे आहे का, कंपनीचे नाव आहे का. घाई करून कवच उचकटू नका. पण ते आधीच उघडलेले असेल तर आत पाहा. चौकोनी, छापील क्रमांक असलेल्या चिप्स दिसल्या तर ती अस्सल असण्याची शक्यता बरीच. हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा गोल थेंब दिसला, तर ती बहुधा स्वस्तातली नक्कल. शंभरांतल्या नव्वद जणांना थेंबच दिसेल असा आमचा अंदाज आहे. तेव्हा लाखांचा हिशेब आजच मनातून काढून टाका. कोणी फोनवर “लाखो देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा” म्हणाला तर फोन ठेवून द्या.

हा झाला किंमतीचा भाग. लोक इथेच थांबतात : “म्हणजे नकली. म्हणजे कचरा.” आमचे म्हणणे असे की इथून पुढे खरा इतिहास सुरू होतो.

नेल्सन गुडमन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ च्या आपल्या ग्रंथात एक उपयोगी भेद केला. चित्राची बनावट प्रत होऊ शकते. ती हुबेहूब असली तरी ती मूळ चित्र नव्हे. पण अभंगाची बनावट प्रत होत नाही. तुम्ही वहीत अक्षर न् अक्षर बरोबर उतरवला, तर तो अभंगच, त्याची नक्कल नव्हे. मग ‘कॉन्ट्रा’ कशासारखा? आत जे साठवले आहे ते आकडे आहेत. अमेरिकी आवृत्तीचा प्रोग्रॅम १२८ किलोबाइटचा. तुम्ही सकाळी पाठवता त्या सुप्रभातच्या फोटोहूनही बहुधा लहान. ते आकडे जसेच्या तसे उतरले तर काळ्या थेंबातला ‘कॉन्ट्रा’ हा ‘कॉन्ट्रा’च. तोच धबधबा, तीच ‘एस गन’. खेळ म्हणून तो अस्सल आणि वस्तू म्हणून नक्कल. दोन्ही एकाच वेळी खरे.

हे आपल्या परंपरेत आणखी नेमके सांगता येते. शब्दाचा अर्थ काय, या वादात न्यायसूत्रांनी तीन गोष्टी धरल्या : व्यक्ती, आकृती आणि जाती. इथे जाती म्हणजे समाजातली जात नव्हे, अनेकांत असलेले सामान्य रूप. ‘कॉन्ट्रा’ म्हणताना आपण कधी तो खेळ म्हणतो, जो हजारो कॅसेटींत एकच आहे. ही जाती. कधी तो घाट म्हणतो, साठ पिना, पिवळे किंवा काळे कवच. ही आकृती. आणि कधी ही एकच, आमच्या घरातली, कोपऱ्यावर दात लागलेली कॅसेट. ही व्यक्ती. बाजार आकृतीची आणि तिच्या शाबूतपणाची किंमत करतो. खेळणारा जातीवर खूश असतो. व्यक्तीकडे पाहण्याचे काम इतिहासाचे.

कोणी म्हणेल, नकलेचा कसला इतिहास? आपल्या भाषेचा इतिहास पाहा. छापखाना येण्याआधी ज्ञानेश्वरी टिकली ती नकलांवर. लिहिणाऱ्यांच्या हातून पाठ बदलत गेले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. आजही अभ्यासक वेगवेगळ्या पोथ्या समोर ठेवून पाठभेद पाहतात, कारण कुठला पाठ कुठे आणि कोणत्या परंपरेत चालला हे पाठभेदांवरूनच कळते. दोन्ही गोष्टींची योग्यता सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही, पद्धत सारखी आहे एवढेच म्हणतो. ‘कॉन्ट्रा’चेही पाठ आहेत. जपानी पाठात टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि चित्रे दिसतात. अमेरिकी पाठात ती गळली. युरोपात १९९० मध्ये घरगुती आवृत्ती ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने आली आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आले, कारण जर्मनीत हिंसेच्या चित्रणावर कडक बंधने होती. आणि चौथा पाठ आपला : तीस जीव आधीच दिलेला, यादीत तीनदा येणारा, निनावी हातांनी बदललेला.

पहिल्या दोन पाठांची काळजी करू नका. कोनामीने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रा’चा जो संग्रह पुन्हा काढला त्यात ते मिळतात. हे भाग्य सगळ्या खेळांना लाभत नाही. अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज विक्रीतून मिळत नाहीत. ‘कॉन्ट्रा’ त्या ८७ टक्क्यांत नाही, तो सुरक्षित आहे. धोक्यात आहे तो चौथा पाठ. कोनामी तो कधीच काढणार नाही, तिने तो बनवलेलाच नाही. लिलावात तो येणार नाही, कारण सील नाही. संग्रहालय मागणार नाही, कारण लेबलवर कोणाचे नाव नाही.

कायदाही मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार साधारणपणे शंभर वर्षे झाल्याशिवाय वस्तू पुरावशेष होत नाही. त्या हिशेबाने ‘कॉन्ट्रा’चा विचार २०८७ मध्ये. दरम्यान १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत व्हिडिओ गेमचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी ही वस्तू आधी कचरा होते आणि नंतर वारसा. मधल्या साठ वर्षांत ती टिकवायची कोणी? ज्याच्या माळ्यावर आहे त्याने.

आता वसईकडे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली. त्या सगळ्या मोहिमेत अंजूरच्या नाईकांचा वाटा होता, हे या गावाला सांगायला नको. विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, आणि त्या देशावरच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशकात पंचवटीला गोदाकाठी नारोशंकराची घंटा आहे. ती त्यातलीच मानतात. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. वाईजवळ मेणवलीला अशीच एक घंटा आहे. आता सांगा, या घंटांची किंमत कशी कराल? धातूच्या वजनावर? ‘मूळ जागी नाही’ म्हणून भाव कमी करणार? त्यांचे मोल नेमके त्या प्रवासात आहे. घडली एकासाठी, वाजली दुसऱ्यासाठी, आणि दोन्ही खुणा एकाच धातूवर राहिल्या. आणखी एक गोष्ट. आपल्याला हे सांगता येते कारण साल कोरलेले आहे आणि हकीकत लोकांनी जपली आहे. साल पुसले असते, हकीकत विसरली असती, तर ती एक जुनी घंटा एवढेच उरले असते.

कॅसेटचेही तसेच आहे. जपानमध्ये रचलेला खेळ, दुसऱ्याच देशात उतरवलेला, मुंबईच्या बाजारातून भिवंडीला आलेला, सुट्टीत चार घरांच्या मुलांनी खेळलेला. हा प्रवास कॅसेटवर कोरलेला नाही. तो फक्त माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसे आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना ती घेऊन देणारे आईवडील सत्तरीत आहेत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : “सर, तुम्ही चोरीचे समर्थन करताय का?” नाही. ज्यांनी तो खेळ रचला, त्यांना या नकलांमधून एक पैसा मिळाला नाही. तो अन्याय होता आणि कॅसेट जुनी झाली म्हणून पुसला जात नाही. पण एखादी वस्तू गैरमार्गाने आली हाही तिच्या इतिहासाचा भाग असतो, आणि तो नोंदवायचा असेल तर वस्तू हवी. आम्ही नकला विकायला किंवा वाटायला सांगत नाही. जपायला आणि नोंदवायला सांगतो.

कसे, ते थोडक्यात. एक : पिनांवर फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या दमटपणाने पिना गंजतात. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, हलक्या हाताने पुसा, वाळू द्या. दोन : कोरड्या डब्यात ठेवा. आपल्या खाडीकाठच्या हवेत माळ्यावरचा पावसाळा तिला मारतो. तीन : यंत्र, वायरी, बंदूक असेल तर तीही एकत्र ठेवा, आणि जुना काचेचा टीव्ही चालू असेल तर तो लगेच भंगारात देऊ नका. बदके मारण्याची ती बंदूक नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही. चार : दोन्ही बाजूंचे फोटो काढा, यादी पडद्यावर येते तिचाही, म्हणजे आपला पाठ नोंदला जाईल.

पाचवे सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याला खर्च नाही. एक कागद घ्या आणि लिहा : कोणी घेतली, कुठल्या बाजारातून, कोणत्या साली, केवढ्याला, पैसे कसे जमवले. कोण कोण खेळायला यायचे. ‘एस गन’ला तुम्ही काय म्हणायचात. मुलींना खेळायला मिळायचे का? कोणी दुरुस्त केली? शेवटचा बॉस कोणी मारला? तो कागद कॅसेटसोबत डब्यात ठेवा. वडिलांना विचारायचे असेल तर याच आठवड्यात विचारा.

“किती येतील?” या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. बाजार देईल ते थोडेच असेल, आणि ते खोटे नाही. किंमत दुसऱ्याच्या मागणीवर ठरते, तिच्याशी भांडून उपयोग नाही. मोल मात्र कागदावर काय लिहिले आहे त्यावर ठरेल. नुसती कॅसेट उद्या कोणालाही काही सांगणार नाही. कागदासह ठेवलेली कॅसेट नव्वदच्या दशकातल्या एका भिवंडीकर घराचे साधन होईल, आणि तसे साधन कुठल्याही लिलावात विकत मिळत नाही.

आमचे बोलणे इथे संपले. आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांनी खरोखर आठही टप्पे पार केलेत त्यांनी आधी हात वर करावा, त्यांची नोंद आजच करून घेऊ.